पाऊस शून्य, नदी पंचेचाळीस मीटर

खरं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि त्याचा ड्रायव्हर नसला, की विंडोज निदान कुरकुर तरी करतं. डिव्हाइस मॅनेजर उघडला की पिवळा त्रिकोण दिसतो. स्वस्तातला आर्ड्युइनो घेणाऱ्या पोरांना तो त्रिकोण पाठ असतो. सीएच-३४० चा ड्रायव्हर टाकला की कॉम पोर्ट येतो आणि विषय संपतो. पण जे कार्ड मुळात जोडलेलंच नाही, फक्त सॉफ्टवेअरमध्ये मांडलेलं आहे, त्याचा ड्रायव्हर गायब असेल तर तो त्रिकोण उमटणार कुठे?

आमच्या सोसायटीतली एक मुलगी इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमाला शेवटच्या वर्षाला आहे. ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो त्रिकोण शोधूनच थकलेली होती. मी अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत पॅनेल आणि ट्रान्समीटरची कामं करतो. त्यामुळे बिल्डिंगमध्ये ज्याला म्हणून वायर असते ते सगळं माझ्याकडे येतं. इन्व्हर्टर येतो, दाराची बेल येते. लॅबव्ह्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर पहिल्यांदाच आलं, आणि खरं सांगायचं तर बेलपेक्षा बरं वाटलं.

प्रोजेक्टचा विषय होता उल्हास नदीची पातळी. बदलापुरात हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २६ जुलै २००५ च्या पाण्याच्या खुणा लोक अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’च्या आधी नदीची पातळी येते. इशारा १६.५० मीटरला, धोका १७.५० ला, हे आकडे नदीकाठच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. हिला तेच लॅपटॉपवर आणायचं होतं: ० ते २० मीटरचा लेव्हल ट्रान्समीटर, त्याचे ४ ते २० मिलिअँपिअर, २५० ओहमच्या रेझिस्टरवर त्याचे १ ते ५ व्होल्ट, ते व्होल्ट वाचणारं यूएसबी-६२११ कार्ड आणि कार्डावरून वाचून भोंगा वाजवणारा लॅबव्ह्यूचा प्रोग्राम. सोबतीला कार्डाच्या काउंटरवर एक पर्जन्यमापक, टिपिंग बकेटवाला.

कॉलेजात असं कार्ड एकच आणि त्याच्यावर टपलेले ग्रुप बरेच. म्हणून सरांनी सांगितलं होतं, घरी सिम्युलेटेड कार्डावर प्रोग्राम तयार करा, नंबर आला की खऱ्या कार्डावर चालवा. सल्ला उत्तमच. मेझरमेंट अँड ऑटोमेशन एक्स्प्लोरर, म्हणजे सगळे ज्याला ‘मॅक्स’ म्हणतात ते उघडायचं, ‘डिव्हाइसेस अँड इंटरफेसेस’वर राइट क्लिक, ‘क्रिएट न्यू’, त्यात सिम्युलेटेड डॅक-एमएक्स डिव्हाइस निवडायचं आणि यादीतून मॉडेल घ्यायचं. खऱ्या कार्डाचं चित्र हिरवं दिसतं, सिम्युलेटेडचं पिवळं.

“काका, कार्ड तर आलंय. पण लॅबव्ह्यूला सापडतच नाहीये.”

आणि खरंच, मॅक्समध्ये पिवळं कार्ड ऐटीत बसलेलं होतं. टेस्ट पॅनेल उघडलं तर साइन वेव्हही निघाली. लॅबव्ह्यूमध्ये मात्र सरांनी दिलेला प्रोग्राम उघडताना तो एकेक व्हीआय (लॅबव्ह्यूच्या प्रोग्रामचा तुकडा) शोधत बसला, मिळेना म्हटल्यावर ब्लॉक डायग्रामवर त्या जागी प्रश्नचिन्हं टाकली आणि रनचा बाण मोडका दाखवला. मेझरमेंटच्या पॅलेटमध्ये डॅक-एमएक्सचा, म्हणजे कार्डाच्या ड्रायव्हरचा, कप्पाच नव्हता.

इथे बहुतेक जण विंडोज फॉरमॅट करायला धावतात. गरज नसते. टेस्ट पॅनेल चालतंय याचा अर्थ ड्रायव्हरचं मूळ जाग्यावर आहे. तुटलंय ते ड्रायव्हर आणि लॅबव्ह्यू यांच्यामधलं. ड्रायव्हर हा एकसंध तुकडा नसतो. कार्डाशी बोलणारा भाग वेगळा, मॅक्समध्ये मांडणी करणारा वेगळा आणि लॅबव्ह्यूच्या पॅलेटमध्ये स्वतःचे व्हीआय नेऊन ठेवणारा वेगळा. हा शेवटचा भाग इन्स्टॉल होताना मशीनवर कुठलं लॅबव्ह्यू आहे ते बघतो आणि त्याच्याच घरात सामान लावतो. त्या वेळी घरच नसेल तर सामान कुठे लावणार?

मॅक्समधल्या ‘सॉफ्टवेअर’ या फांदीवर क्लिक केलं. हे पान कुणी उघडत नाही, खरं तर पहिलं तेच उघडावं. लॅबव्ह्यू २०२०, डॅक-एमएक्स १७.०. लॅपटॉप एका मोठ्या भावाकडून आलेला होता, त्याच्या वेळचा ड्रायव्हर तसाच राहिलेला आणि नवं लॅबव्ह्यू वरून चढवलेलं. डॅक-एमएक्सची एक आवृत्ती साधारण त्या वर्षाचं लॅबव्ह्यू आणि मागची तीन ओळखते. २०१७ साली निघालेल्या ड्रायव्हरला २०२० चं लॅबव्ह्यू ठाऊक असणं शक्यच नव्हतं. म्हणून नुसतं रिपेअर करून भागणार नव्हतं, ड्रायव्हर २०.० चा लागणार होता. (दोन्हींच्या आवृत्त्या जुळत असतील आणि फक्त क्रम उलटा झाला असेल, आधी ड्रायव्हर आणि मग लॅबव्ह्यू, तर मात्र ड्रायव्हरचा इन्स्टॉलर पुन्हा चालवला की काम होतं.)

डाउनलोड जीबीच्या घरातलं. अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली, वायफाय गेलं. ती मोबाइलचा हॉटस्पॉट लावायला निघाली, तिला थांबवलं. महिन्याचा डेटा एका ड्रायव्हरवर कशाला जाळायचा? चहा झाला, लाइट आली. जुना ड्रायव्हर काढला, रीस्टार्ट, नवा टाकला, पुन्हा रीस्टार्ट. पॅलेटमध्ये डॅक-एमएक्स उगवलं, प्रश्नचिन्हं गेली, बाण सरळ झाला.

तिचा प्रोजेक्ट पार्टनर वांगणीचा. त्याच्याकडे त्याच संध्याकाळी वेगळंच रडगाणं: मॅक्समध्ये सिम्युलेटेडचा पर्यायच नाही. त्याने आकार लहान म्हणून डॅक-एमएक्सचं नुसतं रनटाइम घेतलं होतं. त्याच्यावर तयार प्रोग्राम चालतो, नवीन काही बांधता येत नाही. त्याचं फोनवरच मिटलं.

खरी मजा त्यानंतर. तिने रन दाबलं आणि उल्हास नदी थयथयाट करायला लागली: वर ४५ मीटर, खाली उणे ५५. तिचा चेहरा पडला. “ड्रायव्हर अजून बिघडलेलाच आहे ना?”

बिघडलेलं काही नव्हतं. सिम्युलेटेड कार्डाच्या मागे नदी नसते, टाकीही नसते. ॲनालॉग इनपुटला ड्रायव्हर पूर्ण रेंजभरची साइन वेव्ह देतो, वर तीन टक्के नॉइज मिसळतो. चॅनेलची रेंज होती उणे १० ते अधिक १० व्होल्ट. एका व्होल्टला पाच मीटर, शून्य मीटर म्हणजे एक व्होल्ट. मग १० व्होल्टला ४५ आणि उणे १० ला उणे ५५ येणारच. मी तिला तो हिशेब वहीच्या मागच्या पानावर करायला लावला. गणित बरोबर आलं म्हणजे तिचं स्केलिंग बरोबर आहे, हे तिला त्या हिशेबावरून पटलं. माझ्या सांगण्यावरून पटलं नसतं.

पर्जन्यमापकाचा काउंटर मात्र शून्यावरून हलेना. सिम्युलेटेड काउंटर नेहमी शून्यच वाचतो, तेही ड्रायव्हरचं ठरलेलं वागणं. पडद्यावर एका चौकटीत पाऊस शून्य, शेजारच्या चौकटीत नदी ४५ मीटर. तिची आई डोकावून म्हणाली, “बारवी धरणाचे दरवाजे उघडले वाटतं.”

या खोट्या नदीने तिचा प्रोग्राम मात्र चांगला घासून काढला. धोक्याची पातळी १७.५० ला ओलांडताना भोंगा एकदा वाजून थांबायला हवा होता, तो थडथडत होता. तीन टक्के नॉइज म्हणजे ०.३ व्होल्ट, नदीच्या हिशेबात दीड मीटर. तिने भोंगा बंद व्हायची पातळी थोडी खाली ठेवली होती, पण ते अंतर नॉइजपुढे तोकडं पडत होतं. मग काही रीडिंगची सरासरी घेऊन तुलना केली तेव्हा भोंगा ताळ्यावर आला. शिवाय व्होल्ट ०.९ च्या खाली गेले तर नदी आटली असं न दाखवता ‘तार तुटली’ दाखवायचं, हे मी एमआयडीसीतल्या सवयीने तिच्याकडून लिहून घेतलं. साइन वेव्ह खाली उतरली की तो संदेश दर वेळी येत होता, म्हणजे तोही तपासून झाला.

कॉलेजात नंबर लागला तेव्हा घरून निघण्याआधी एक सांगून ठेवलं होतं: सिम्युलेटेड कार्डाचं नाव आधी मॅक्समधून काढ आणि तेच नाव खऱ्या कार्डाला दे. नुसतं काढलं आणि नाव दिलं नाही, तर प्रोग्राम जुन्या नावाने हाक मारत राहतो आणि उणे २००२२० ही एरर येते, म्हणजे या नावाचं डिव्हाइसच नाही. तिने नाव बदललं, रन दाबलं आणि लगेच फोन केला. नदीची चौकट रिकामी होती, लाल अक्षरांत ‘तार तुटली’.

“काका, आता तर खरं कार्ड आहे!”

“मग तार बघ.”

टर्मिनलचा स्क्रू सैल होता.