पास झालेली डिस्क

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. एकदम गेली नाही. तीन आठवडे ती जात होती आणि मी तिच्याकडे बघून "चालतंय" म्हणत होतो.

तिच्यावर काय होतं ते आधी सांगतो. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आमचा भाग १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात, जिल्हा तेव्हा बीदर, दफ्तर उर्दूत. ज्यांच्या घरी पेटीच्या तळाशी असा एखादा कागद होता, ते जळकोटात अब्बांकडे येऊ लागले. "चाचा, एवढं वाचून द्या." छापील उर्दू मलाही वाचता येते, पण हे कागद कारकुनी शिकस्त्यातले. नुक्ते गायब, अक्षरं एकमेकांत घुसलेली. अब्बा ते वाचायला दादांकडून शिकले होते. ते मोठ्याने वाचायचे, फसली सनात ५९० मिळवून इसवी सन सांगायचे, आणि नाव आलं की समोरच्याला जवळ बोलावून त्याचं बोट त्या अक्षरावर ठेवायचे. पैसे घेत नसत. कुणी पायलीभर तूर ठेवून जायचं, तिला मात्र नाही म्हणायचे नाहीत.

मी कागद स्कॅन करायचो आणि अब्बांचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करायचो. बासष्ट रेकॉर्डिंग झाली. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात अब्बा गेले. मोबाइल त्याआधीच बदलला होता. म्हणजे सगळं एकाच डिस्कवर. दुसरी प्रत "या रविवारी" करायची होती. ते रविवार किती गेले ते मोजत नाही.

डिस्क बिघडायच्या वर्षभर आधी एक भीती येऊन गेली होती. कॉम्प्युटर मध्येच अडकायचा, टकटक न करता नुसता थांबायचा. तेव्हा मी पहिल्यांदा क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं. प्रत्येक डिस्क स्वतःची एक रोजनिशी ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती जागा खराब झाल्या, किती बदलल्या. माझ्या डिस्कवर फक्त सी७ ही एक ओळ वाढत होती. ती डिस्कच्या पोटातली चूक नसते. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीत माहिती बिघडली की हा आकडा चढतो. साठ रुपयांची साटा केबल बदलली आणि आकडा तिथेच थांबला. खाली मात्र येत नाही, झालेल्या चुका ती रोजनिशीतून पुसत नाही. मी तर नवी डिस्क आणायला उदगीरला निघालो होतो. साठ रुपयांत भागलं याचा मला भलताच अभिमान वाटला, आणि पुढचं सगळं त्या अभिमानानेच घडवलं.

मे महिन्यात सी५ची ओळ पिवळी झाली. आकडा ८. ही ओळ अशा जागा मोजते ज्या डिस्कला वाचता आल्या नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लावलेला नाही. विंडोज म्हणत होतं ओके. डिस्कचा स्वतःचा निकालही पास. मी म्हटलं, एवढ्या उन्हात माणूस चालत नाही, डिस्क तरी कशी चालेल, आणि वर दिवसातून चारदा लाईट जाते. अब्बा बीपीची वही ठेवायचे, तारीख आणि आकडा. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी डिस्कचे आकडे लिहायला लागलो. पहिल्या आठवड्यात ८, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात २८. आठाचे दहा झाले तेव्हा निश्चिंत झालो होतो. दोनच तर वाढले!

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की शेजारच्या ओळींत आकड्यांमध्ये ए, बी, एफ अशी अक्षरं आहेत. हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे मुळात सोळाच्या हिशेबात दाखवतं. तिथला १० म्हणजे आपले सोळा आणि २८ म्हणजे आपले चाळीस. माझी वही ८, १०, २८ म्हणत होती आणि डिस्क ८, १६, ४० म्हणत होती. आकडा आठाच्या पटीतच का वाढतो तेही मग कळलं. या डिस्कची एक खरी जागा ४०९६ बाइटची असते, पण मोजणी ५१२च्या हिशेबाने होते. एक जागा गेली की आठ वाढतात. मेन्यूत एक खूण केली की दशमान आकडे दिसतात, ती मी कधी केलीच नव्हती.

त्या रात्री खूप वाचलं. गूगलने २००७मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात उन्हाचा, म्हणजे तापमानाचा, संबंध लोक समजतात तेवढा दिसलाच नाही. बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी चार महत्त्वाच्या ओळींत एकही खूण दाखवली नव्हती. म्हणजे "पास"ला अर्थ नाही. पण उलटही होतं. वाचताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त होती. माझ्या साठातले वीस दिवस मी वहीत घालवले होते.

सकाळी एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, "भाई, फुल फॉरमॅट मारा, पिवळं जातं." त्याचं खोटं नव्हतं. न वाचता आलेल्या जागेवर नवीन काही लिहिलं की डिस्क तिचा निकाल लावते, एकतर तीच जागा चालू ठेवते नाहीतर राखीव जागा देते, आणि सी५ शून्यावर येतो. डिस्क बरी दिसली असती. अब्बा गेले असते. चेकडिस्क चालवण्याचंही मनात होतं, पण तेही डिस्कला दुरुस्त करायला जातं आणि मरायला टेकलेल्या डिस्कला दुरुस्त करायचं नसतं. आधी तिच्यावरचं काढून घ्यायचं.

नवी डिस्क आणली, पेनड्राइव्हवर लिनक्स घेतलं आणि डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम अडलेल्या जागेशी आधी भांडत बसत नाही. सोपं ते सगळं आधी काढतो, अवघड जागा मागे ठेवतो, आणि कुठपर्यंत आलो ते एका मॅप फाइलमध्ये लिहीत जातो. मॅप फाइल मी दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली होती. रात्री दीडला लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला. फजरच्या सुमारास लाईट आली तेव्हा तीच कमांड पुन्हा दिली आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे गेलं. दुपारपर्यंत संपलं. एक टीबीमधले वीस केबी आले नाहीत. तीन वेळा प्रयत्न केला, मग सोडलं.

वीस केबी कुठले, ते शोधायला न आलेल्या जागांवर खूण भरली आणि फाइलींमध्ये ती खूण शोधली. एकाच रेकॉर्डिंगमध्ये सापडली. एमपीथ्री असल्याने फाइल उघडते, वाजते, फक्त सव्वा सेकंद आवाज नाही. अब्बा म्हणतात, "वल्द", आणि मग काही नाही, आणि मग "साकिन मौजे". मधे बापाचं नाव होतं.

ज्यांचा तो कागद, त्यांचं काम तेव्हाच्या तेव्हा झालं होतं की नाही ते विचारायला मी गेलो. घरी म्हातारी होती. म्हणाली, दाखला अजून नाही, आणि मूळ कागद दोन पावसाळ्यांपूर्वी भिजला. नाव कोणतं ते तिच्या नवऱ्याला माहीत होतं, तो राहिला नाही. स्कॅन माझ्याकडे आहे, स्वच्छ आहे. त्या अक्षरांकडे मी दोन रात्री बघत बसलो. "रा" आहे असं वाटतं. जळकोटात दोघांना दाखवलं, त्यांना छापील येतं, शिकस्ता नाही. उदगीरला एक बुजुर्ग वाचतात असं कळलंय. मोठ्या कागदावर प्रिंट काढून ठेवलीय, येत्या जुम्म्यानंतर निघतोय. म्हातारी म्हणाली, मीही येते, बोट ठेवायला कुणीतरी पाहिजे.