मी सांगितलं होतं!

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत पडली. तिला पोट आलं आहे, ती उतरवून घे, असं मी दोन वर्षं धाकट्या भावाला सांगत होतो. त्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. भिंत पडली त्या रात्री माझ्या मनात पहिल्यानं आलं ते दुःख नव्हे, समाधान! पावसात भिजत उभ्या असलेल्या भावाला मी तिथंच ऐकवलं, ‘मी सांगितलं होतं!’ पुढं आठवडाभर येईल त्या पाहुण्यालाही ऐकवलं.

ढिगाऱ्यातून वाचवलेली पुस्तकं वाळवताना जनरल शंकरराव थोरातांचं ‘माझी शिपाईगिरी’ हाती आलं, आणि मी ओशाळलो.

थोरात कोल्हापूरकडचे. जन्म १९०६ सालचा, लष्करी शिक्षण सँडहर्स्टचं. १९४५ च्या जानेवारीत आराकानात कांगॉच्या लढाईत त्यांची पंजाबी पलटण जपान्यांशी झुंजली, त्यांना डी.एस.ओ. मिळाला. १९५३ साली कोरियात युद्धकैद्यांवर देखरेख करणारी भारतीय फौज त्यांच्या हाताखाली होती. चिनी कैद्यांनी आपला एक मेजर अडकवून ठेवला, तेव्हा थोरात स्वतः त्या छावणीत शिरले आणि गोळी न झाडता, नुसत्या बोलण्यानं त्याला सोडवून घेऊन आले.

परक्यांची मनं वळवणाऱ्या या माणसाला स्वकीयांना मात्र पटवता आलं नाही. पूर्व विभागाचे सेनापती असताना १९५९ साली त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, संरक्षणाचा आराखडा दिल्लीला धाडला. चीन चाल करून येईल, फौज अपुरी आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. संरक्षणमंत्र्यांनी तो बाजूला सारला. १९६१ साली थोरात निवृत्त झाले. आणि १९६२ च्या २० ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आली असताना, चीननं हल्ला केला.

नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. तो कागद त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता! आपलं भाकीत खरं ठरलं याचा आनंद थोरातांनी कसा मानावा? ते खरं ठरलं होतं जवानांच्या रक्तानं. राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली, तेव्हा ते मुकाट्यानं कामाला लागले. पुढं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. ती हकीगत त्यांनी पुस्तकात सांगितली खरी; पण तोवर बरीच वर्षं लोटली होती. १९९२ साली ते गेले.

खरं सांगणं हे निम्मंच काम. ऐकलं गेलं नाही, तरी पुन्हा हाताला हात लावणं, हे उरलेलं निम्मं.

नवरात्रात नवी भिंत उठू लागली. मी गवंड्याजवळ जाऊन उभा राहिलो. भाऊ खाली मान घालून म्हणाला, ‘‘दादा, तू सांगितलं होतंस.’’

मी म्हटलं, ‘‘ते राहू दे. तो ओळंबा इकडं दे.’’