गडवा

पुतण्याच्या मुलीच्या जात पडताळणीसाठी माझ्या दाखल्याची नक्कल हवी होती, म्हणून पन्नासेक वर्षांनी मी शेंदूरजनाघाटातल्या माझ्या जुन्या प्राथमिक शाळेत गेलो. गुरुजींनी लाल फडक्यात बांधलेलं दाखल-खारीज रजिस्टर सोडलं. शाई तपकिरी पडलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. माझं नाव सापडलं आणि नजर खाली घसरली. तीन ओळी सोडून त्याचं नाव. एकाच दिवशी, एकाच टाकानं आम्ही दोघं शाळेत आलो होतो. कागदावर तीन ओळींचं अंतर. वर्गात ते सबंध टाटपट्टीभर असे.

‘दाराशी बस’ असं त्याला कोणी कधी म्हटलं नाही. त्याचा मोठा भाऊ तिथं बसत होता, म्हणून तोही बसला. अस्पृश्यता कायद्यानं संपून तोवर वीस-बावीस वर्षं झाली होती.

मधल्या सुट्टीत रांजणापाशी पोरांची झोंबाझोंबी चाले. तो बाजूला ओंजळ करून उभा. मी गडवा बुडवायचो, आधी आपण प्यायचो, मग उंचावरून त्याच्या ओंजळीत धार धरायचो. बाकीची पोरं तेवढंही करत नसत, त्यामुळे मला माझं फार कौतुक वाटे. पुढं कितीतरी वर्षांनी, संत्र्याच्या नर्सरीत तो जंभेरीवर डोळे बांधत असताना, ही आठवण मी जरा मिरवतच काढली. पट्टी आवळत, मान वर न करता तो म्हणाला, “तू पानी पाजे राजा, पन गडवा काही हाती नाही दे.”

यावर मी काय बोलणार? पण तेव्हापासून या विषयाचं जे हाती लागेल ते वाचू लागलो.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. सरकारनं नकार दिला, आणि त्यामागं हिशेब होता: एकाला घेतलं तर बाकीचे उठून जातील, शाळा ओस पडेल. दोनच वर्षांनी त्याच मुंबई सरकारनं जाहीर केलं की, पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या. खुल्या म्हणजे किती? चाळीसेक वर्षांनंतरही भीमराव आंबेडकरांना शाळेत घरून नेलेल्या तरटावर बसावं लागलं, आणि पाणी द्यायला शिपाई नसला की तहान तशीच. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून मुलांना सरसकट इतर शाळांत घ्यायला लावलं. आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. मला शाळेपेक्षा या छात्रालयाचंच अप्रूप जास्त. शाळा चार वाजता सुटते, आपापल्या घरी जाता येतं. छात्रालयात रात्रीचं जेवण असतं.

धारवाडचा तो हिशेब अगदीच चुकीचा नव्हता म्हणा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तर व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यानं १९५९ पासून पाच वर्षं सार्वजनिक शाळांना चक्क कुलूप घातलं. गोऱ्या मुलांची सोय खासगी शाळेत झाली.

आम्ही कुलूप-बिलूप घातलं नाही. सकाळी पिवळी बस येते, एवढंच. माझी नातवंडंही तिच्यातूनच गेली. जातीचं नाव कोणी काढलं नाही, ‘इंग्लिश मीडियम’ म्हटलं की भागतं. जुन्या शाळेत आता टाटपट्टी नाही, बाक आहेत. रांजण गेला, नळ आला. खिचडी एकाच गंजातली. खायला मात्र बहुतेक मजुरांचीच लेकरं उरली आहेत.

२००९ च्या कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना ठेवल्या. किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर ती अट नको, असं राज्य सरकारनं २०२४ च्या फेब्रुवारीत ठरवून पाहिलं; जुलैत उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. माझ्या त्या वर्गसोबत्याची नात अशाच एका जागेवर लागली आहे. नाक्यावर तिला बसमध्ये चढताना मी पाहतो. खिडकीशी बसते. मधल्या सुट्टीत काय होतं, हे मी माझ्या नातवाला विचारलं होतं.

“काही नाही आबा,” तो म्हणाला, “सगळ्यांची आपापली बॉटल असते.”