मागून येणारे

करंजाच्या धक्क्यावर रेवसच्या तरीची वाट बघणं हा एक वेगळाच उद्योग आहे. खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण पलीकडून लाँच सुटली की नाही, हे इथून डोळे बारीक करूनच ठरवावं लागतं. पुलाचं बोलणं बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून चालू आहे. तोवर द्रोणागिरीचा डोंगर पाठीशी घ्यायचा, सुकटीचा वास नाकात भरू द्यायचा आणि बसायचं. जुन्या दप्तरांत हा भाग पनवेल तालुक्यातला, आता उरणचा. त्याहून मागे गेलं तर हे बेटच. 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर करंजाही इंग्रजांनी स्वतःकडे ठेवलं. म्हणजे इथली मोक्याची जागा कोणाच्या तरी नकाशात नेहमीच असते.

आजही आहे. कोळीवाड्याची जाळी वाळतात त्याच्या शेजारून नौदलाची कुंपणं सुरू होतात. इकडे दारूगोळ्याचं आगार आणि याच किनाऱ्यावर ‘अभिमन्यू’, म्हणजे मार्कोस या सागरी कमांडोंचा तळ. 2016 च्या सप्टेंबरात उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा सगळा किनारा पालथा घातला गेला. सापडलं काहीच नाही. त्या दिवसांत ‘अभिमन्यू’ हे नाव वर्तमानपत्रांतून रोज डोळ्यांखालून गेलं आणि मला राहून राहून एक प्रश्न पडला. कमांडोंच्या तळाला हे नाव कोणाला सुचलं असेल? ज्याला व्यूहात शिरता येतं आणि बाहेर पडता येत नाही, त्याचं?

आपण अभिमन्यूची गोष्ट अर्धीच सांगतो. पोटात असताना ऐकलं, आईला डुलकी लागली, बाहेर पडायचा मार्ग ऐकायचा राहून गेला. एवढं आजीने सांगितलेलं पक्कं असतं. पण रणांगणावर गेलेला पोरगा बाहेर पडायचा मार्ग ठाऊक नाही हे जाणूनच गेला होता. ठरलं असं होतं की त्याने फळी फोडायची आणि भीम, धर्मराज, सात्यकी सगळ्यांनी त्याच्या पाठोपाठ आत घुसायचं. मध्ये जयद्रथ उभा राहिला. वाट मिटली. आतला एकटा पडला. दोष आईच्या झोपेला दिला जातो. मला वाटतं, ती गोष्ट मागून न आलेल्यांची आहे.

फसलेल्या मोहिमांची सैनिकांनी लिहिलेली पुस्तकं मी बरीच वाचली, हावरटासारखी वाचली. 1991 च्या आखाती युद्धात आठ ब्रिटिश कमांडो इराकच्या वाळवंटात उतरले. वायरलेसच्या फ्रिक्वेन्सी चुकीच्या निघाल्या, थंडी पडली, तिघे मेले, चौघे पकडले गेले, एक जण चालत सीरियात पोहोचला. वाचलेल्यांपैकी अँडी मॅकनॅब आणि क्रिस रायन या टोपणनावांनी दोघांनी पुस्तकं लिहिली आणि ती एकमेकांशी जुळेनात. मग मायकेल ॲशर नावाचा तिसरा माणूस त्याच वाळवंटात फिरून आला आणि त्याने दोघांनाही खोटं पाडायला घेतलं. वाद मोठा रंगला. मला मात्र त्या पुस्तकांतलं गोळीबाराचं वर्णन आता आठवत नाही. आठवतं ते वायरलेसपाशी वाकून पुन्हा पुन्हा हाक देणारं कोणीतरी. ऐकतंय का कोणी? वरचा अधिकारी मोहिमेचा अहवाल लिहितो तेव्हा त्याच्यासमोर नकाशा असतो. आतल्या माणसाजवळ चार हात जमीन असते, काळोख असतो आणि पाठीमागे कान.

आपल्याकडे याची सर्वांत कडू गोष्ट श्रीलंकेतल्या जाफन्याची, आपली शांतिसेना तिथे होती तेव्हाची. 11 ऑक्टोबर 1987 ची रात्र. जाफना विद्यापीठाजवळ तमिळ वाघांचे म्होरके जमणार, अशी खबर होती. चार एमआय-8 हेलिकॉप्टरांनी खेपा करून 10 पॅरा कमांडोचे आणि 13 शीख लाइट इन्फंट्रीचे जवान विद्यापीठाच्या मैदानात उतरवायचे, असा बेत. वाघांनी भारतीय सैन्याचं वायरलेसवरचं बोलणं आधीच ऐकलेलं. ते दबा धरून बसले होते. पहिल्या खेपा उतरल्या, पुढच्या हेलिकॉप्टरांची चाळण होऊ लागली, आणि खेपा थांबवाव्या लागल्या. 103 कमांडो उतरले होते. शीख तुकडीचे साडेतीनशेहून अधिक जवान यायचे, त्यांतले फक्त 30 उतरले. मेजर बीरेंद्र सिंग त्यांचे नायक. कमांडो ठरल्याप्रमाणे म्होरक्यांच्या शोधात पुढे निघाले. हे तीस जण मैदानातच थांबले, कारण त्यांना थांबायलाच सांगितलं होतं: मागून येणाऱ्यांसाठी जागा राखायला.

मागून कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणतीस जण मारले गेले. शिपाई गोरा सिंग जिवंत कैद झाला, पुढे सुटला, आणि त्या मैदानात काय घडलं ते बव्हंशी त्याच्याच तोंडून जगाला कळलं. मी कधीकधी त्या मैदानातल्या रात्रीचा विचार करतो. प्रत्येक आवाज हेलिकॉप्टरचा वाटला असेल. पुढे जाऊन अडकलेल्या कमांडोंना सोडवायला मेजर अनिल कौल रणगाडे घेऊन निघाले, तेही रस्ता सोडून रेल्वेच्या रुळांवरून, कारण रस्त्यांत सुरुंग. त्यात त्यांचा डोळा गेला. पुढे त्यांनी आपली हकिकत पुस्तकात लिहिली. मागून येणाऱ्याने लिहिलेली हकिकत ही तशी दुर्मीळच चीज.

त्याच महिन्यात, दहाएक दिवसांनी, त्याच जाफन्यात गुरुनगरच्या जेट्टीवर लेफ्टनंट अरविंद सिंग आणि त्यांचे नौदल कमांडो गेले, जेट्टी उडवली, वाघांच्या वेगवान होड्या उडवल्या आणि परत आले. सिंग यांना महावीरचक्र मिळालं. मार्कोसची स्थापना त्याच वर्षी फेब्रुवारीतली, म्हणजे ते सगळेच नवखे. ही मोहीम किती जणांना ठाऊक आहे? यशस्वी मोहिमेची गोष्ट एका परिच्छेदात संपते. गेले, केलं, आले.

याच वाक्याची उलटी बाजू मला करंजाच्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडून मिळाली. धक्क्यावर फाटकं डोल विणत बसला होता. वादळात सापडला होतात का कधी, असं मी शहरी उत्साहाने विचारलं. त्याने सुई न थांबवता सांगितलं, “सापडलू. जालं गेलं, आमी आलाव.” पुढे काही नाही. मी थांबलो, तो विणत राहिला. बऱ्याच वेळाने, कोणी न विचारता, तो म्हणाला की बरोबरची दुसरी होडी मागे होती, तिचा दिवा रात्रभर दिसत होता, म्हणून धीर राहिला. संबंध हकिकतीत तेवढा एक दिवा.

याच किनाऱ्यावर दक्षिणेला लाय पाटलाची गोष्ट घडली. सन 1676 च्या सुमारास शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळ्यांनी सिद्दीचा जंजिरा घ्यायचा चंग बांधला. बेत असा सांगतात: पद्मदुर्गाच्या लाय पाटलाने आपले कोळी घेऊन काळोखात तटाला शिड्या लावायच्या आणि पाठोपाठ मोरोपंतांच्या माणसांनी वर चढायचं. जंजिऱ्याचा तट थेट पाण्यातून उठतो. होडी लाटेबरोबर वरखाली होत असताना दगडाला शिडी टेकवायची, आवाज होऊ द्यायचा नाही, वर सिद्दीचे पहारे. पाटलाने शिड्या लावल्या. वाट पाहिली. मोरोपंतांची माणसं आलीच नाहीत. पूर्वेला फटफटायला लागलं तेव्हा त्याने शिड्या काढून घेतल्या आणि लोकांना सुखरूप परत आणलं. महाराजांनी पालखीचा मान देऊ केला. दर्यावर राहणाऱ्या कोळ्याला पालखी कशाला, म्हणून त्याने नाकारला. मग एक गलबत बांधून त्याला दिलं आणि त्याचं नावच ‘पालखी’ ठेवलं, अशी कथा आहे.

माणसं का आली नाहीत? बखरी तिथे घुटमळतात. पण आदल्याच वर्षी, 1675 च्या जानेवारीत, पद्मदुर्गाला रसद पोहोचवली नाही म्हणून महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला झणझणीत पत्र लिहिलं होतं. ते पत्र वाचलं की कळतं, मागच्या फळीची ढिलाई त्यांना किती झोंबत असे. लाय पाटलाने आठवणी लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर त्यांत तलवारीचा एक वार नसता. काळोख, पाणी, शिडीवरचा हात, आणि मागे वळून वळून बघणं.

आणि मग 26 नोव्हेंबर 2008. मासेमारीच्या ‘कुबेर’ होडीवरून आलेली, कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरलेली दहा माणसं. मध्यरात्रीनंतर मार्कोस ताज हॉटेलमध्ये शिरले. प्रवीण तेवतिया आघाडीला. अंधाऱ्या खोलीत पहिलं पाऊल त्याचं पडलं आणि चार गोळ्या त्याच्या अंगात गेल्या. फुप्फुस फाटलं, ऐकू येणं कमी झालं. अतिरेकी त्या खोलीतून निसटले, लढाई आणखी दोन दिवस एनएसजीच्या कमांडोंना लढावी लागली. त्या अर्थाने मोहीम फसलीच म्हणायची. पण त्याच्या मागे त्याचे सोबती होते, आणि भोवतीच्या दालनांमध्ये दडलेले दीडशे लोक त्या रात्री बाहेर निघाले. तेवतियांना शौर्यचक्र मिळालं. पुढे त्यांनी पुस्तक लिहिलं आणि जखमी फुप्फुसाने आयर्नमॅनची शर्यत पुरी केली. (शर्यतीच्या बातम्या जास्त छापून येतात. आपल्याला शेवट गोड लागतो.)

मला त्या दिवसांतली पत्रकार परिषद आठवते. काळा बुरखा, काळा चष्मा घातलेला मार्कोसचा अधिकारी टीव्हीवर सांगत होता. जागोजागी प्रेतं पडलेली. अतिरेक्यांची एक पिशवी सापडली, तिच्यात काडतुसं, बॉम्ब, क्रेडिट कार्डं आणि सुका मेवा. आवाजात चढउतार नव्हता. मला तो आवाज ओळखीचा वाटला, पण कोणाचा ते त्या दिवशी उमगलं नाही. डोल विणणाऱ्या तांडेलाला भेटलो तेव्हा उमगलं.

लाँच आली. माणसं, टोपल्या, दोन मोटारसायकली चढल्या. खाडीच्या मध्यावर आलो तेव्हा उजवीकडे, समुद्राच्या बाजूला, काळ्या रबरी होड्या ओळीने बाहेर चालल्या होत्या. ऊन कललेलं. लाँचवरचा एक पोरगा बोट दाखवून मोजत होता: एक, दोन, तीन, चार. चौथी बरीच मागे होती. तिसरीने वेग कमी केला आणि ती तिथेच डुलत राहिली.