ग्रेसमध्ये

आमच्या धर्मग्रामात दृढीकरणाच्या वर्गाला यंदा चौदा मुले आहेत. रविवारची मराठी मिस्सा संपली की चर्चच्या मागच्या खोलीत वर्ग भरतो. मुले इंग्रजी शाळेत जाणारी, घरी मराठी नाहीतर कोकणी बोलणारी, गल्लीत कन्नड. बेळगावात यात नवे काही नाही. पण धर्मशिक्षणाच्या पुस्तकातले मराठी शब्द या मुलांना परके वाटतात आणि माझी पंचाईत होते. त्या दिवशी 'कृपा' हा शब्द शिकवत होते, तर एका मुलीने विचारले, "टीचर, कृपा म्हणजे कृपया का? चपला कृपया बाहेर काढा, त्यातली?"

सगळे हसले. ती तशी फार चुकली नव्हती. संस्कृतात 'कृपया' म्हणजे 'कृपेने'च. पण माझ्या डोक्यात त्या वेळी धडा पुरा करायची घाई होती. म्हणून मी फळ्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'ग्रेस' लिहिले आणि म्हटले, आता सांगा, याचा अर्थ काय?

हात वर झाले. जेवणाआधी म्हणतात ती प्रार्थना, असे एकाने सांगितले. एकीच्या आत्याचे नाव ग्रेस. "डान्सचे सर म्हणतात, तुझ्या हातात ग्रेस नाही," असे तिसरीने अगदी पडलेल्या चेहऱ्याने सांगितले. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो. दहावी होऊन कॉलेजात गेलेला, कमी बोलणारा. तो बसल्या बसल्या म्हणाला, "पस्तीसला दोन मार्क कमी पडले की देतात ते."

पुन्हा हशा झाला. मीही हसले. वर म्हणाले, "तो बोर्डाचा अर्थ झाला. इथे तो चालत नाही." आणि पुस्तकातली व्याख्या लिहून दिली.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याची आई मासळी बाजारात भेटली. "येत नाही म्हणतोय बघा टीचर," ती म्हणाली. मग हळू आवाजात बाकीचे सांगितले. गणितात तो ग्रेसवर पास झाला आहे. चुलत भावंडे त्याला 'ग्रेस' म्हणूनच हाक मारतात. लग्नाघरी, बारशाला, सगळीकडे. (ही हकीकत मी त्या माउलीला विचारून लिहीत आहे.) म्हणजे त्या दिवशी वर्गात त्याने जो अर्थ सांगितला, तो त्याच्या जिवाला लागलेला अर्थ होता. मी त्यावर हसले, आणि 'इथे चालत नाही' असेही म्हणाले.

शब्दांनी फसवलेल्या माणसाला शब्दांचा राग येतो, तसा मला त्या रात्री आला. इंग्रजीचे हे नेहमीचेच आहे. शब्द लहान आणि अर्थ ढीगभर. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ सालच्या आवृत्तीत 'सेट' या एवढ्याशा शब्दाला ४०० हून जास्त अर्थ दिले आहेत. आपल्या धर्मातले शब्द तरी कुठे सरळ आहेत? 'फास्ट' घ्या. फास्ट गाडी म्हणजे वेगाची. साडीचा रंग फास्ट म्हणजे पक्का, न जाणारा. आणि प्रायश्चित्तकाळातला फास्ट म्हणजे उपवास. मुळात जुन्या इंग्रजीत हा शब्द 'घट्ट, पक्का' याच अर्थाचा. नेमाला घट्ट धरून राहणे म्हणजे उपवास. वेग त्यात फार नंतर शिरला. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता भजी तळल्याचा वास आला की मला त्या पहिल्या अर्थाची आठवण येते.

'होस्ट' तर तीन शब्दांचे एक झालेले नाव. पाहुण्यांचे स्वागत करणारा यजमान, बायबलमधल्या 'सेनाधीश परमेश्वराची' सेना, आणि वेदीवरची पवित्र भाकर. लॅटिनमध्ये हे तीन वेगळे शब्द होते, इंग्रजीत आल्यावर त्यांचा चेहरा एकसारखा झाला. भाकरीचा जो शब्द आहे त्याचा अर्थ 'बळी'. तोच पोर्तुगिजांच्या तोंडून आमच्या कोकणी घरांत आला आणि 'ओस्ती' झाला. माझी आजी ओस्ती म्हणायची. तिला इंग्रजीतला यजमान ठाऊक नव्हता, त्यामुळे तिचा गोंधळही नव्हता.

माझा मात्र व्हायचा. मी लहान असताना शाळेच्या हॉलमध्ये एक चित्र होते. येशू बसला आहे, भोवती मुले, आणि खाली इंग्रजीत जुन्या बायबलमधले वचन. त्याचा पहिलाच शब्द 'सफर'. देवनागरीत लिहिला तर तो प्रवासच वाटतो, पण शाळेत आम्हाला त्याचा अर्थ 'दुःख सोसणे' असा पाठ करून घेतला होता. त्यामुळे कित्येक दिवस मला वाटायचे, येशू मुलांना सांगतो आहे की सोसा आणि मग माझ्याकडे या. मला त्या चित्राची भीती वाटायची. १६११ सालच्या त्या भाषांतरात या शब्दाचा अर्थ 'येऊ द्या, अडवू नका' असा आहे, हे मला बी.ए.ला गेल्यावर कळले. तोवर दहा वर्षे गेली होती. मला कुणी चुकीचे शिकवले नव्हते. दोन अर्थांपैकी एकच सांगितला होता, एवढेच.

आणि आता मीही तेच केले होते.

घरी आईला हे सांगितले. आई मराठी चौथी शिकलेली, आता पंचाहत्तरीच्या पुढची. तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "मग त्या पोराचं काय चुकलं गं? आपल्याला नव्हतं मिळालं?"

मला क्षणभर कळलेच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळले, आणि मी तिथेच खाली बसले.

बाबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. त्यांनी एक विमा काढला होता, वर्षातून एकदा हप्ता. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ते आजारी पडले. त्या धावपळीत हप्त्याची तारीख कधी उलटून गेली ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. तारखेनंतर एकोणीस दिवसांनी बाबा गेले. विमा होता हे आईला आठवले ते महिन्याच्या मिस्सानंतर, आणि हप्ता भरला नाही हेही त्याच वेळी लक्षात आले. आता सगळे बुडाले म्हणून ती रडायची थांबेना. एजंट घरी आला. कागद पाहिले, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाला, "वहिनी, ग्रेसमध्ये आहे. काळजी करू नका."

वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते. त्याला ग्रेस पीरियड म्हणतात. त्या दिवसांत माणूस गेला तरी विमा चालू धरतात, राहिलेला हप्ता वजा करून बाकीचे पैसे देतात. तसेच झाले. ते पैसे आणि बाबांची ग्रॅच्युइटी, यांवर माझी पुढची दोन वर्षे झाली. (ग्रॅच्युइटी हा शब्दही ग्रेसच्याच लॅटिन घराण्यातला, हे मला परवा शब्दकोश उघडल्यावर समजले. फुकट या अर्थाचा 'ग्रॅटिस'ही तिथलाच.) आई शेजारणींना सांगायची, "माझी मुलगी ग्रेसवर शिकली." मला त्याची लाज वाटायची. कॉलेजात मैत्रिणी ऐकतील आणि त्यांना वाटेल मी ग्रेस मार्कांवर पास होते आहे. म्हणून मी आईला गप्प करायची. पंचवीस वर्षांत ती तसे बोलायचीच थांबली आणि मी विसरले.

ज्या शब्दावर माझे शिक्षण झाले, त्याच शब्दाचा अर्थ त्या मुलाने सांगितला आणि मी त्याला म्हणाले, इथे चालत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो मोबाईलवर क्रिकेट बघत होता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पण बघेना. मी माफी मागितली. टीचरने माफी मागितलेली मुलांना अवघड जाते. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मग मी त्याला बाबांच्या विम्याची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता. एजंटने बोटांवर दिवस मोजले तिथे आल्यावर त्याने पहिल्यांदा तोंड उघडले.

"किती दिवस उरले होते?"

"अकरा."

त्याने मान हलवली. मोबाईल बंद करून ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, "पण टीचर, वीस मार्क कमी असते तर कोण देतं? आणि तुमचे ते तीस दिवस संपले असते तर?"

हे उत्तर माझ्याकडे व्याख्येत नव्हते. बोर्डाच्या ग्रेसला मर्यादा आहे. २०२४ साली दहावीचा निकाल घसरला तेव्हा आमच्या राज्याने ती १० टक्क्यांवरून २० वर नेली, पण मर्यादा राहिलीच. विम्याच्या ग्रेसला एकतिसावा दिवस आहे. मी त्याला मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळा सांगितला. पहाटे कामाला लागलेले मजूर, नऊला आलेले, दुपारी आलेले, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना चौकात उभे होते म्हणून मालकाने बोलावून आणलेले. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर पुऱ्या दिवसाची मजुरी. शेवटच्यांना दोन तास कमी पडले नव्हते, जवळजवळ सगळा दिवसच कमी होता.

"मग पहाटे आलेले भांडले असतील," तो म्हणाला.

"भांडले की. लिहिलंय तसं."

तो हसला. चुलत भावंडांपैकी कुणाचा तरी चेहरा डोळ्यांसमोर आला असावा. आईने चहा आणला. मी निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि कडी काढता काढता म्हणाला,

"टीचर, त्या दिवशी मी दोन म्हणालो ना. दोन नाही. तीन कमी होते."