भाच्याचे रिव्हॉल्व्हर

शस्त्रांशी माझा संबंध वर्षातून एकदाच येतो. खंडेनवमीला घरातील विळी, अडकित्ता, कातर आणि माझे फाउंटन पेन अशी सारी मंडळी पाटावर बसतात. त्यांच्यावर हळदकुंकू वाहिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी ती आपापल्या कामाला लागतात. उभे आयुष्य इंग्रजी काव्य शिकविण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाने रिव्हॉल्व्हरच्या निवडीवर लिहावे, हे वाचकांना थोडे हास्यास्पद वाटेल. मलाही ते वाटते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत अशा एका निवडीला मी साक्षी होतो, आणि तो प्रसंग अद्याप माझ्या मनातून जात नाही.

माझी थोरली बहीण अमेरिकेत ओहायओ राज्यात राहते. तिचा मुलगा तेथेच जन्मला, तेथेच इंजिनिअर झाला, आणि तेथल्या मित्रांच्या संगतीने त्याला शिकारीचा नाद लागला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा नाद इतिहासजमा केला. तेथे मात्र तो परवाने, हंगाम आणि नियम यांच्या चौकटीत चालू आहे. नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी ओहायओत बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम सुरू होतो. प्रदेश बराचसा सपाट, शेतीचा आणि वस्तीचा. त्यामुळे लांब पल्ल्याच्या रायफली तेथे चालत नाहीत. रिव्हॉल्व्हर मात्र चालते. त्याची नळी किमान पाच इंच लांब असली पाहिजे, काडतूस सरळ बाजूंचे आणि त्याचा व्यास .३५७ इंच किंवा अधिक असला पाहिजे, एवढीच अट.

एके रात्री ताई झोपायला गेल्यावर भाचा माझ्याजवळ येऊन बसला.

"मामा, उद्या माझ्याबरोबर दुकानात चला. मला मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे, पण खिशाला परवडले पाहिजे."

"अरे, मला त्यातले काय कळते?"

"तुम्हाला कळत नाही, म्हणूनच चला. मित्र बरोबर असले की मी नको ते घेऊन बसतो."

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. आदल्या वर्षी मित्राचे ४४ मॅग्नम घेऊन तो रानात गेला होता. चाळीस यार्डांवर हरीण उभे राहिले. याने बार काढला. हरीण दचकले, पाठीत वाकले आणि मक्याच्या कापलेल्या शेतातून पळाले. वाळल्या पानांवर रक्ताचे थेंब होते. दोन तास तो त्या थेंबांमागे फिरला. एका ओढ्याच्या काठी थेंब संपले, अंधार पडला, आणि हरीण सापडले नाही. "ते कुठेतरी रात्रभर पडून राहिले असेल, मामा," तो म्हणाला. "म्हणून या वेळी त्याहून मोठे घ्यायचे. लागले की जागच्या जागी पडले पाहिजे."

मी स्वतः मांस खात नाही. तथापि त्याला अहिंसेवर व्याख्यान देण्याचा मोह मी आवरला. ज्याला अपराध टोचतो आहे त्याला उपदेशाची गरज नसते. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो.

दुकानदार सत्तरी उलटलेला, मितभाषी गृहस्थ होता. भाच्याने मागितले ते स्मिथ अँड वेसनचे ५०० मॅग्नम. २००३ साली निघालेले हे धूड वजनाला सुमारे दोन किलो भरते, आणि त्यात पाचच काडतुसे मावतात. म्हाताऱ्याने ते निमूटपणे काचेवर ठेवले; शेजारी ४५४ कॅसुल आणि शेवटी ४४ मॅग्नम अशीही दोन ठेवली. मग माझा वेश पाहून असेल, त्याने मला थोडा इतिहास सांगितला. आयडाहोचा एल्मर कीथ नावाचा एक शिकारी आणि लेखक होता. जुन्या ४४ स्पेशल काडतुसात तो वर्षानुवर्षे अधिक दारू भरून प्रयोग करीत राहिला आणि कारखानदारांच्या मागे लागला. अखेर १९५५ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून ४४ मॅग्नम काढले. गंमत अशी की नाव चव्वेचाळीस असले तरी गोळीचा खरा व्यास .४२९ इंच. नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे आपल्या सव्वा तोळ्याहून थोडी अधिक. हरणाला ती पुरून उरते.

"मग माझ्या हरणाला का पुरली नाही?" भाच्याने विचारले.

म्हाताऱ्याने उत्तर दिले नाही. उलट विचारले, "त्या दिवसापूर्वी तू त्या रिव्हॉल्व्हरने किती गोळ्या झाडल्या होत्यास?"

"बारा असतील," भाचा म्हणाला.

दुकानामागेच नेमबाजीची जागा होती. आमच्या कानांवर जाड झाकणे चढविण्यात आली. पंचवीस यार्डांवर म्हाताऱ्याने जेवणाची एक साधी कागदी थाळी टांगली. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जेवढी जागा व्यापतात, तेवढीच साधारण ती थाळी होती. ४४ मॅग्नममध्ये त्याने स्वतः काडतुसे भरली आणि ते भाच्याच्या हाती दिले. पहिला बार झाला. त्या आवाजाने माझ्या छातीत धस्स झाले. दुसरा झाला. तिसऱ्या वेळी भाच्याने चाप ओढला आणि नुसता 'खट्' असा आवाज आला. म्हाताऱ्याने त्याच्या नकळत मध्ये एक खोटे काडतूस घातले होते. बार झालाच नव्हता. तरी नळीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेलेले आम्हा तिघांनाही स्पष्ट दिसले.

कोणी बोलले नाही. धक्का बसण्यापूर्वीच हात धक्क्याला भिऊन खाली झुकत होता. इतर वेळी बाराच्या धुमाळीत ते झुकणे लपून जाई. गेल्या वर्षीच्या हरणाला लहान बोअर बाधले नव्हते. हे चार बोटांचे भय बाधले होते. भाच्याचा चेहरा उतरला. त्याने रिव्हॉल्व्हर खाली ठेवले आणि थाळीकडे पाहिले. थाळी कोरी होती.

त्या क्षणी मला माझी सतार आठवली. प्राध्यापकी लागली त्या सुमारास मी सतार शिकत होतो. मींड काही केल्या जमेना, तेव्हा दोष वाद्याचा आहे असे मी ठरविले आणि दोन महिन्यांचा पगार खर्चून मिरजेहून मोठ्या भोपळ्याची उत्तम सतार करवून आणली. माझ्या गुरुजींनी ती ऐकली आणि म्हणाले, "पूर्वीचाच चुकीचा सूर आहे, आता तो शेजाऱ्यांनाही ऐकू जातो." ती सतार आज तीस वर्षे गवसणीत आहे. परंतु माझ्या बेसूर मींडीने कोणी ओढ्याकाठी रात्रभर तळमळत पडले नाही, एवढा फरक मला तेथे उभ्या उभ्या मान्य करावा लागला.

मग खरी खरेदी सुरू झाली. आता भाचा विचारीत होता आणि म्हातारा मोकळेपणाने सांगत होता. पाचशेच्या एका काडतुसाला तीन डॉलरांच्या घरात पडतात. चव्वेचाळीसच्या काडतुसाला त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय ४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात मवाळ दारूचे ४४ स्पेशल काडतूसही बिनधोक चालते. भ्यालेल्या हाताला पुन्हा धीर यावयाचा तो त्यानेच. ज्याला वर्षाला हजार गोळ्या झाडणे परवडते तेच त्याला परवडणारे शस्त्र, अशी त्याची साधी व्याख्या होती. विकत घेताना मोजलेले पैसे त्याच्या लेखी हिशेबाची पहिली ओळ तेवढी होती.

अखेर कपाटातून एक जुने, वापरलेले रूगर सुपर ब्लॅकहॉक निघाले. हा नमुना १९५९ पासून चालत आलेला. नळी साडेसात इंच, वजन सुमारे एक किलो साडेतीनशे ग्रॅम. प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. यंत्र साधे, म्हणून दणकट, आणि म्हणूनच तुलनेने स्वस्त. मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असल्यामुळे धक्का बसला की ती तळहातात थोडी फिरते आणि बराचसा जोर वर निघून जातो. म्हाताऱ्याने ते उलटसुलट करून एक गोष्ट मुद्दाम दाखविली. १९७३ पूर्वीच्या नमुन्यात भरलेल्या घरावर घोडा टेकवून ठेवणे धोक्याचे असे. शहाणी माणसे सहापैकी एक घर रिकामे ठेवीत. १९७३ पासून आत एक पोलादी पट्टी आली आणि चाप ओढल्याखेरीज घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचेनासा झाला. जुने घ्यावयाचे तर एवढे पाहून घ्यावे, असे त्याने बजावले. हे नंतरचे होते.

भाच्याने ते घेतले. उरलेल्या पैशांत ४४ स्पेशलच्या पेट्या घेतल्या, आणि शेवटी कागदी थाळ्यांचा एक गठ्ठा. ताईला वाटले, घरी पाहुणे येणार आहेत.

हंगामाचा पहिला सोमवार उजाडला तेव्हा मी पुण्यास परत आलो होतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास, देवापाशी दिवा लागत असता, फोन वाजला. तेथे त्या वेळी सकाळचे साडेसात. शिकारी रानात दबा धरून बसलेले असण्याची ती वेळ. आवाज मात्र स्वयंपाकघरातला होता. मागे ताईच्या चहाचे आधण उकळताना ऐकू येत होते.

"मामा, यंदा गेलो नाही," भाचा म्हणाला. "पंचवीस यार्डांवर पाचही थाळीत बसतात. पन्नासवर अजून दोन बाहेर जातात."

मी म्हणालो, "बरे केलेस." त्याहून अधिक काही मला सुचले नाही. फोन ठेवून मी थोडा वेळ बसून राहिलो. मग भिंतीवरची सतार खाली काढली आणि गवसणीची नाडी सोडू लागलो. गाठ इतकी जुनी होती, की ती सुटायलाच बराच वेळ लागला.