दगड शिकून काय करणार?

धाकट्या बहिणीला बारावीनंतर भूशास्त्र शिकायचंय. इंजिनिअरिंग करून पुण्यात कोड लिहिणारा घरात मी एकटाच, त्यामुळे सगळे मलाच विचारतात. अप्पांचा प्रश्न एकच: "दगड शिकून काय करणार?"

आमचं दुधनी काळ्या दगडावर बसलंय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. इथून रेल्वेने वाडीकडे निघालं की शहाबादला फरशीचा चुनखडक लागतो, पायाखालचा दगडच बदलतो. अखंड बेसाल्टमध्ये पाणी जवळपास मुरत नाही. ते राहतं भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. म्हणून शेजारच्या बोअरला पाणी आणि आमचे दोन्ही कोरडे. दोन्ही जागा तळहातावर नारळ ठेवून ठरवलेल्या.

मग आम्ही दोघांनी एक्सेलमध्ये प्लॅन मांडला. पुण्यात फर्ग्युसनला भूशास्त्रात बी.एस्सी., जोडीला पर्यावरणशास्त्र. पुढे एम.एस्सी. सोलापूर विद्यापीठात, म्हणजे घराजवळ. नाहीतर 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटी. नोकरीच्या रकान्यात राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा, खाणी, धरणं-बोगद्यांची कामं. सरकारी जागा मोजक्या, सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी. तेही लिहिलं, लपवलं नाही.

अप्पांनी सगळं वाचलं. म्हणाले, "दोन बोअरला हिच्या तीन वर्षांच्या फीपेक्षा जास्त गेले की रे."

होस्टेलचा खर्च मी उचलतोय. अप्पांचा होकार अजून आलेला नाही. पण तिसऱ्या बोअरसाठी ठेवलेले पैसे त्यांनी अजून बँकेतून काढलेले नाहीत.